मूर्तीची मालकी आणि मूर्तीची सेवा

प्राचीन मूर्ती कोणाची, या प्रश्नाला आज दोन ठरलेली उत्तरे मिळतात. सरकारे म्हणतात, ज्या मातीतून ती निघाली त्या राष्ट्राची. मोठी संग्रहालये म्हणतात, साऱ्या मानवजातीची. ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात. न्यायालयांत आणि परिषदांत ती एकमेकांशी भांडतातही. तरी दोघांचा पाया एकच आहे. मूर्ती ही वस्तू आहे आणि वस्तूला मालक असतो, हे दोघेही धरून चालतात. वाद उरतो तो मालकाच्या नावाचा. जिची प्रतिष्ठापना झाली, जिला कधी काळी रोज स्नान, नैवेद्य आणि आरती मिळत होती, अशा मूर्तीच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे पडते, असे माझे म्हणणे आहे. तिच्याविषयीचा पहिला प्रश्न सेवेचा आहे: तिच्यासाठी काय करणे कोणावर बंधनकारक आहे? मालकीचा प्रश्न त्यानंतर येतो आणि पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून राहतो. हे म्हणणे भाबड्या श्रद्धेतून आलेले वाटू नये, यासाठी ते तोलामोलाच्या प्रतिपक्षासमोर तपासले पाहिजे. तसा प्रतिपक्ष अमेरिकन कला-इतिहासकार जेम्स क्यूनो यांच्या कारकिर्दीत आणि लेखनात सापडतो.

क्यूनो यांनी हार्वर्ड विद्यापीठातून १९८५ साली कला-इतिहासात डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता १८२० ते १८४० या काळातील पॅरिसची व्यंगचित्रे आणि ती छापून विकणारा प्रकाशक शार्ल फिलिपों. पुढे ते अभ्यासकाच्या टेबलावरून संस्थाचालकाच्या खुर्चीकडे वळले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मुद्राचित्रांचे केंद्र, डार्टमथ कॉलेजचे हूड संग्रहालय आणि १९९१ पासून हार्वर्डची कलासंग्रहालये त्यांनी चालवली. २००३ मध्ये लंडन विद्यापीठाच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट या कला-इतिहासाच्या महाविद्यालयाचे ते संचालक झाले. २००४ ते २०११ शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट आणि २०११ ते २०२२ लॉस एंजेलिसचा गेटी ट्रस्ट, म्हणजे कलाक्षेत्रातील जगातल्या अत्यंत श्रीमंत संस्थांपैकी एक, त्यांच्या हाती होते. या प्रवासातील सलग धागा म्हणजे अध्यापन. संग्रहालय हे महाविद्यालयासारखे असते, तिथे कोणी श्रद्धेची सक्ती करत नाही, माणूस येतो, पाहतो, तुलना करतो आणि स्वतः विचार करतो, ही त्यांची निष्ठा आहे. २००८ सालचे त्यांचे प्राचीन वारशाच्या मालकीवरील पुस्तक आणि २०११ सालचे विश्वकोशासारख्या संग्रहालयांची बाजू मांडणारे पुस्तक याच निष्ठेतून आले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. आजची राष्ट्रे अर्वाचीन आहेत. प्राचीन वस्तू त्यांच्या कितीतरी आधीच्या. ज्या राज्याचा मागमूस उरलेला नाही, त्याची कलाकृती आजच्या सरकारने केवळ भूगोलाच्या आधारे आपली म्हणणे हे राजकारण आहे. कोणतीही संस्कृती एकट्याने घडत नाही, ती देवघेवीतून घडते. म्हणून जगभरच्या वस्तू एका छताखाली शेजारी शेजारी मांडल्या की पाहणाऱ्याचे अज्ञान कमी होते आणि परक्याविषयी आदर वाढतो. शिवाय सगळा ठेवा एकाच देशात कोंबला तर एका युद्धात तो नष्ट होऊ शकतो; विखुरलेला ठेवा वाचतो. यातील बरेचसे मान्य करण्यासारखे आहे. अकराव्या शतकातील चोळ कारागिराने धातूचा नटराज ओतला तेव्हा त्याच्या मनात भारतीय प्रजासत्ताक नव्हते. गांधार शैलीच्या बुद्धमूर्तीत ग्रीक वस्त्रांच्या चुण्या आहेत, हे नाकारणारा राष्ट्राभिमान खोटा ठरतो. सरकारे इतिहासाचा वापर शस्त्रासारखा करतात, हेही आपण पाहत आहोत. तेव्हा क्यूनो यांच्या राष्ट्रवादविरोधाशी माझे भांडण नाही. राष्ट्र बाद झाले की उरते ती मानवजात, आणि मानवजातीच्या वतीने मुखत्यार म्हणून उभे राहते ते मोठे संग्रहालय, हे त्यापुढचे पाऊल मात्र घसरते. राष्ट्र आणि जग यांच्या मधोमध आणखी कोणी उभा असेल, ही शक्यता या मांडणीत हिशेबातच धरलेली नाही.

या घसरणीचे एक कारण मला त्यांच्या मूळ अभ्यासविषयात दिसते. शिलामुद्रणाने छापलेले व्यंगचित्र जन्मतःच प्रवासी असते. त्याच्या शेकडो प्रती निघतात, त्या दुकानाच्या काचेत लागतात, हातोहात विकल्या जातात, परगावी जातात, आणि कुठेही गेल्या तरी त्यांचे काम तेच राहते. फिलिपोंच्या ‘शारिवारी’ या व्यंगपत्राचे नाव लंडनच्या ‘पंच’ने आपल्या उपशीर्षकात घेतले आणि त्या ‘पंच’चे नाव घेऊन ठाण्यात ‘हिंदू पंच’ हे मराठी साप्ताहिक निघाले. या प्रवासात व्यंगचित्राचे काही हरवले नाही, उलट ते वाढले. अशा वस्तूंसाठी क्यूनो यांचा सिद्धांत जवळजवळ पूर्णपणे खरा आहे. ज्या वस्तू विकण्यासाठी, भेट देण्यासाठी, मिरवण्यासाठी घडल्या, त्या चिनी मातीच्या भांड्यांना, लघुचित्रांना, नाण्यांनाही तो बराचसा लागू पडतो. पण एका विशिष्ट गर्भगृहासाठी, एका विशिष्ट उत्सवाच्या मिरवणुकीसाठी, विधिपूर्वक प्राण ओतून घडवलेली मूर्ती ही याच्या नेमकी उलट जातीची निर्मिती आहे. तिचे काम ठिकाणाशी, काळाशी आणि ठरावीक माणसांशी बांधलेले असते. सर्व कलावस्तूंना एकच तत्त्व लावण्याचा आग्रह हा त्या तत्त्वाचा मुख्य दोष आहे, कारण त्यात वस्तूला काय व्हायचे होते याची चौकशीच होत नाही.

मग मूर्ती म्हणजे नेमके काय? आगमग्रंथांच्या दृष्टीने शिल्पकाराने घडवलेला आकार ही केवळ सुरुवात आहे. प्राणप्रतिष्ठेने त्यात देवता येते आणि त्यानंतर तिच्याशी वागण्याचे नियम सुरू होतात. पंढरपुरात विठ्ठलाला काकडआरतीने उठवतात, त्याची महापूजा होते, रात्री शेजारती होते. आणि आषाढीच्या गर्दीत देवाचा पलंग काढून ठेवतात, म्हणजे देव झोपत नाही, अहोरात्र दर्शन देतो. ही सगळी भाषा मालकाची नाही, नात्याची आहे. कायद्यालाही हे नाते काही प्रमाणात ओळखावे लागले आहे. कोलकात्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळीवरून वाद झाला, तेव्हा १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितले की मूर्तीला निव्वळ जंगम मालमत्ता मानून हलवता येणार नाही. देवतेच्या वतीने त्रयस्थ प्रतिनिधीने बोलले पाहिजे. तमिळनाडूतील पत्तूर गावी १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत नटराज सापडला. तो चोरट्या मार्गाने लंडनला पोचला आणि १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तो विकत घेतला. लंडनच्या न्यायालयात त्यावर भारत सरकार आणि तमिळनाडू सरकार यांच्याबरोबर पत्तूरच्या पडक्या देवळाच्या वतीनेही हक्क सांगितला गेला. शेवटी इंग्रज न्यायाधीशांनी १९९१ मध्ये त्या देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज परत आला. लक्षात घ्यावे असे की विजय राष्ट्राच्या मालकीचा झाला नाही आणि मानवजातीच्या वारशाचाही झाला नाही. शेकडो वर्षे ओस पडलेले, तरी मूर्तीवरचा दावा न सुटलेले एक देऊळ जिंकले.

यावर एक बोचरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. देव मालक असतो, हे तरी खरे आहे का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर भाष्य करणाऱ्या शबराने हे स्पष्टपणे नाकारले आहे. देवतेला शरीर नाही, ती उपभोग घेत नाही, म्हणून देवाचे गाव किंवा देवाचे शेत ही बोलण्याची पद्धत आहे, खरी मालकी नव्हे, असे मीमांसकांचे मत आहे. मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी हाही त्याच वळणाने जातो. देवतेच्या कायदेशीर व्यक्तित्वाचा हा इतिहास गुंथर सोन्थायमर यांनी तपासला होता. महाराष्ट्र त्यांना खंडोबाचे आणि धनगरांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. मग देवतेला वादी बनवणे ही इंग्रजी न्यायालयांनी केलेली सोय ठरते आणि माझ्या म्हणण्याचा आधारच निघून जातो, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. शबराचे म्हणणे मान्य केले तर देवही मालक उरत नाही, आणि देणारा यजमान तर दान करतानाच आपला हक्क सोडून बसलेला असतो. म्हणजे अर्पण केलेल्या वस्तूवर नेहमीच्या अर्थाने कोणाचीच मालकी राहत नाही. उरतो तो तिचा नेमलेला उपयोग. देवद्रव्य म्हणजे पूजेसाठी बाजूला काढलेले द्रव्य, असाच मेधातिथीचा अर्थ आहे. ज्याच्या हाती ते असेल तो त्या उपयोगाला बांधलेला असतो, मग तो गुरव असो, राजा असो किंवा संग्रहालयाचा संचालक असो. मालकीचा शब्द काढून टाकला तरी बंधन कायम राहते, किंबहुना जास्त स्वच्छ दिसते. संग्रहालयाने बाजारात रीतसर पैसे मोजले, या उत्तराने इथे काहीच सिद्ध होत नाही. जे विकण्याचा अधिकार कोणालाच नव्हता ते विकत घेतल्याने अधिकार उत्पन्न होत नाही.

सेवेचा हा दावा म्हणजे राष्ट्राच्याच दाव्याला घातलेले सोवळे आहे, अशी शंका येऊ शकते. ती दूर करायला गोव्याचा इतिहास पुरेसा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला नेले आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला. त्यांनी राज्याची सीमा ओलांडली. जुनी जागा, जुनी जमीन, जुने देऊळ सगळे मागे राहिले. देव मात्र भक्तांचाच राहिला, आणि कोणत्याही सरकारचा झाला नाही. विजयनगरला गेलेला विठ्ठल संत भानुदासांनी पंढरपूरला परत आणला, ही वारकऱ्यांची परंपरागत कथा हेच सांगते. त्या कथेतला राजा दुष्ट नाही. तो देवाचा आदर करतो, त्याला वैभवात ठेवतो. तरीही कथेचा कौल राजाच्या बाजूने जात नाही, कारण वैभवात ठेवणे आणि सेवा करणे यांत तिने फरक केला आहे. आजचे मोठे संग्रहालय त्या राजासारखे आहे. त्याचे दिवे, तापमान, सुरक्षा आणि अभ्यास यांत खोट काढण्यासारखे थोडेच असते. फक्त ज्यांच्याशी देवाचे नाते होते ती माणसे तिथे नसतात.

क्यूनो यांच्या शिकागोकडे पाहिले की या अनुपस्थितीचा अर्थ उमगतो. आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीतच ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद भरली आणि तिथे स्वामी विवेकानंद बोलले. क्यूनो संचालक असताना, २०१० मध्ये त्याच तारखेला, मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द संग्रहालयाच्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांनी उजळले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारने धोक्याच्या पातळ्या दाखवायला जे पाच रंग ठरवले होते, तेच त्या दिव्यांना दिले होते. असहिष्णुतेविरुद्धचे भाषण आणि भयाचे रंग एकाच पायरीवर आणणारी ही रचना विश्वसंग्रहालयाच्या ध्येयाची उत्तम बाजू दाखवते, आणि ती घडू देण्याचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे. पण १८९३ च्या परिषदेचे बळ कशात होते? तिथे हिंदू धर्मावर हिंदू बोलला, बौद्ध धर्मावर अनागारिक धर्मपाल बोलले. धर्मांनी स्वतःच्या तोंडाने आपली ओळख करून दिली. संग्रहालयाच्या दालनात धर्म शेजारी शेजारी उभे असतात, बोलतो मात्र अभिरक्षक. त्याच संग्रहालयात २०१० मध्ये, अल्सडॉर्फ या खासगी संग्राहकांकडून, काठमांडूच्या तळेजू भवानीचा सोन्याचा मुलामा दिलेला रत्नजडित हार आला. सतराव्या शतकात राजा प्रताप मल्ल याने तो देवीला वाहिला, हे हारावरच कोरलेले आहे. कोणासाठी केला, कोणाला दिला, हे वस्तूनेच सांगितले असताना ती मानवजातीची आहे असे म्हणणे म्हणजे तिचे बोलणे मधेच तोडणे होय. देवळातून काढलेल्या गोष्टी निःशब्द करून सहिष्णुता शिकवता येत नाही. पुढे २०२५ मध्ये याच संग्रहालयाने बाराव्या शतकातील एक बुद्धमूर्ती नेपाळला परत केली. आपली भूमिका बदलू शकते, हे संस्थेने स्वतःच दाखवून दिले.

आता जतनाचा मुद्दा. देवळात तेल, दूध, कुंकू, धूर आणि हजारो हातांचा स्पर्श मूर्तीला झिजवतो. चोर तर आहेतच. संग्रहालयात ती आणखी हजार वर्षे टिकेल. टिकवणे हे मोठे मूल्य आहे, हे मी मान्य करतो. ते सर्वोच्च मूल्य आहे, हे मात्र सिद्ध करावे लागेल. गणपती बसवून त्याचे विसर्जन करणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अमेरिकेतही याचे उदाहरण आहे. न्यू मेक्सिकोतील झुनी लोक लाकडात अहायुदा नावाच्या युद्धदेवता कोरून उघड्यावर ठेवतात. ऊन, वारा आणि पावसात त्या हळूहळू मातीत मिळाव्यात, हाच विधीचा भाग असतो. संग्रहालयांनी त्या काचेत ठेवून वाचवल्या. झुनींच्या दृष्टीने ते वाचवणे म्हणजे देवतेला तिचे काम करू न देणे होते. त्यांनी १९७८ पासून मागणी लावून धरली आणि एकामागून एक संग्रहालयांनी त्या परत केल्या. १९९० मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा केला. म्हणजे स्वतःच्या भूमीवर अमेरिकेने हे तत्त्व स्वीकारले आहे की राष्ट्र आणि मानवजात यांच्याखेरीज तिसरा हक्कदार असतो, तो म्हणजे वस्तूचे विधी पाळणारा समाज. तंजावर किंवा काठमांडूच्या भक्ताला हे तत्त्व लागू पडत नाही, असे म्हणायला एकही तात्त्विक कारण नाही. अडचण आहे ती कायद्याच्या हद्दीची.

चोरीच्या धोक्याचे उत्तर वेगळे आहे. चोळकालीन मूर्ती संकटकाळी जमिनीत पुरून ठेवण्याची रीत होती, म्हणजे सुरक्षिततेची चिंता भक्तांनाही होती. आधुनिक चोऱ्या पचल्या त्या मुख्यतः नोंद नसल्यामुळे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली ५० लाख डॉलर मोजून घेतलेला तमिळनाडूतील श्रीपुरंदानचा नटराज चोरीचा आहे, हे उघड झाले ते पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी देवळात काढलेल्या छायाचित्रांमुळे. २०१४ मध्ये तो भारतात परत आला. कला-इतिहासकार सेवा कशी करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वस्तू ताब्यात न घेता, ती जिथे आहे तिथेच तिची नीट नोंद करून त्या अभ्यासकांनी ती वाचवली. क्यूनो यांच्या पुस्तकांत ज्ञान आणि ताबा या गोष्टी इतक्या जवळ बांधल्या आहेत की एक सोडले तर दुसरे जाईल, असे वाटते. त्यांच्याच कारकिर्दीतील एक चांगले काम हा समज खोडून काढते: २०१३ मध्ये गेटीने आपल्या संग्रहातील कलाकृतींच्या सुमारे ४,६०० उत्तम प्रतिमा जगाला विनामूल्य आणि विनाअट खुल्या केल्या.

आतापर्यंतचे आक्षेप बाहेरचे होते. सर्वात कठीण आक्षेप महाराष्ट्राच्या अनुभवातून उठतो. सेवा म्हणजे कोणाची सेवा? नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये प्रवेशासाठी दलितांना सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या कळसाचेच दर्शन मिळाले, त्यांना संग्रहालयाने तिकिटाच्या दरात देवाच्या मुखासमोर उभे केले, जात विचारली नाही. विश्वसंग्रहालयाच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद मला सुचत नाही. याला माझे उत्तर असे की सेवेचा दावा मालकीच्या दाव्यापेक्षा नैतिकदृष्ट्या कडक असतो, कारण तो करणाऱ्यावर अटी घालतो. मालक दार लावू शकतो. सेवकाला तो अधिकार नसतो. जो समाज देवावर आपला हक्क सांगतो आणि देवाच्या लेकरांना बाहेर ठेवतो, त्याचा दावा त्याच क्षणी मालकीचा होतो आणि माझ्या तत्त्वानुसार दुबळा पडतो. म्हणून मूर्ती परत मागताना दार उघडे आहे का, हे विचारण्याचा हक्क जगालाही आहे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर सर्वात आधी आहे. आक्षेप खरा आहे. त्यातून निष्कर्ष मात्र देऊळ खुले करण्याचा निघतो, देव परदेशी ठेवण्याचा निघत नाही.

या तत्त्वाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या देवांना आज कोणी पुजत नाही, त्या इजिप्त, ग्रीस किंवा असीरियाच्या मूर्तींबाबत सेवेचा दावा करणारा कोणी नाही. तिथे क्यूनो यांचे म्हणणे पुष्कळ वजनदार ठरते आणि वाद मुख्यतः लूट आणि बेकायदा उत्खननाचा उरतो. पण कोणता धर्म संपला, हे घाईने ठरवू नये. महाराष्ट्रातील लेण्यांत शतकानुशतके बौद्ध उपासक नव्हते. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर कार्ल्याच्या किंवा नाशिकच्या चैत्यासमोर हात जोडणारे पुन्हा आले. सेवा खंडित होते तशी सुरूही होते. पिप्रहवा येथे १८९८ मध्ये बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात निघाली, तेव्हा जगभरातून विरोध झाला, लिलाव थांबला आणि मुंबईच्या गोदरेज समूहाने ती घेतल्यावर ती भारतात आली. ती आली याचा आनंद आहे. मात्र अस्थींबरोबर अर्पण केलेल्या गोष्टीला किंमत मोजावी लागली, याचा अर्थ मालकीची भाषा अजून हरलेली नाही.

ती भाषा आपल्या देशातही हरलेली नाही. भारताने १९७२ मध्ये पुरावस्तूंचा कायदा केला, १९७७ मध्ये युनेस्कोचा १९७० चा करार स्वीकारला, आणि गेल्या दशकात शेकडो मूर्ती परत आल्या. त्यांच्या परतीचे सोहळे झाले, छायाचित्रे निघाली. पण तमिळनाडूत परत आलेल्या किंवा सुरक्षेसाठी गोळा केलेल्या कित्येक मूर्ती तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रासारख्या कोठारांत कुलूपबंद राहिल्या. त्यांना ना दर्शनाला आलेला भक्त दिसतो, ना अभ्यासक. न्यूयॉर्कच्या काचेतून काढून सरकारी कोठारात ठेवलेल्या देवाची कोणती सेवा झाली? राष्ट्राचा अभिमान सुखावला, एवढेच. क्यूनो यांनी राष्ट्रवादावर ठेवलेला ठपका इथे आपल्याला लागू पडतो आणि तो आपण मुकाट्याने स्वीकारला पाहिजे.

यातून संग्रहालय चालवणाऱ्यांसाठी आणि आपल्यासाठी काही कर्तव्ये निघतात. प्रत्येक पूजित मूर्तीजवळ ती कुठल्या देवळातली, कधी निघाली, कोणाकडून कोणाकडे आली, हे संग्रहालयाने लिहावे. ठाऊक नसेल तर तसे लिहावे. जिथे जिवंत पूजा आहे तिथल्या लोकांना बोलावून विचारावे आणि त्यांनी मागितली तर मूर्ती द्यावी. जगाला एकत्र पाहण्याची गरज खरीच आहे. ती उसनवारीने भागते, हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि अनेक भारतीय संग्रहालये यांच्या सहकार्याने भरवलेल्या ‘भारत आणि विश्व’ या प्रदर्शनाने दाखवले. तिथे दूरदूरच्या संस्कृती शेजारी शेजारी आल्या आणि प्रदर्शन संपल्यावर आपापल्या ठिकाणी गेल्या. आणि आपण, जे देव परत मागतो, त्यांनी आधी आपल्या गावातल्या देवळातील मूर्तींची नोंद करावी, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि देवळाचे दार कोणालाही बंद नाही याची खात्री करावी. जेम्स क्यूनो यांनी आयुष्यभर एक मोठा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, पण प्राचीन वारशाचा मालक कोण, अशा रूपात विचारला. पूजित मूर्तीपुरते तरी ते रूप चुकीचे आहे. तिच्यावर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने, मग ते सरकार असो, संग्रहालय असो की देवस्थान, आपण तिच्यासाठी काय करतो याचा हिशेब द्यावा, आणि ज्याचा हिशेब खरा ठरेल त्याच्याकडे ती असावी.